परसातल्या कोंबड्या आणि बर्ड फ्लूचा बदलता विषाणू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरामागे पाच-पंचवीस कोंबड्या, चार बदके पाळणाऱ्यांना बर्ड फ्लूच्या बातम्यांत दोनच गोष्टी ऐकू येतात : घाबरू नका, आणि पक्षी नष्ट करा. विषाणू बदलतो म्हणजे काय होते, तो परसापर्यंत पोहोचतो कसा आणि तिथून पुढे जातो कुठे, हे फारसे कोणी सांगत नाही. ते कळले की कोणती काळजी खरोखर कामाची आणि कोणती नुसती देखाव्याची हे आपले आपल्याला ठरवता येते. म्हणून हे प्रश्न आणि त्यांची उत्तरे.

एच५एन१, एच५एन८, एच९एन२ ही नावे कशावरून पडतात?

बर्ड फ्लू हा इन्फ्लुएन्झा ए विषाणूमुळे होतो. या विषाणूच्या पृष्ठभागावर दोन प्रथिने असतात. हिमॅग्लुटिनिन (एच) पेशीला चिकटून आत शिरण्याचे काम करते, तर न्युरामिनिडेज (एन) तयार झालेले नवे विषाणू पेशीपासून सुटे करते. पक्ष्यांत एचचे १६ आणि एनचे ९ प्रकार पूर्वीपासून माहीत आहेत, आणि त्यांच्या जोड्यांवरून उपप्रकारांची नावे ठरतात. मात्र नाव सारखे म्हणजे विषाणू सारखा, असे समजू नये. १९९७ मधला एच५एन१ आणि आजचा एच५एन१ यांच्यात इतका फरक पडला आहे की एकाविरुद्धची लस दुसऱ्यावर चालेलच असे नाही. म्हणूनच तज्ज्ञ उपप्रकाराच्या पुढे जाऊन ‘क्लेड’, म्हणजे वंशशाखा, विचारतात.

हा विषाणू इतक्या लवकर का बदलतो?

दोन कारणांनी. पहिले असे की त्याची जनुके आरएनएची असतात आणि त्यांची नक्कल करणाऱ्या विकराकडे (एन्झाइमकडे) चूक तपासून दुरुस्त करण्याची सोय नसते. सगळा जिनोम, म्हणजे जनुकांचा पूर्ण संच, सुमारे १३,५०० जनुकीय अक्षरांचा, आणि जवळपास प्रत्येक नव्या प्रतीत एखादी चूक राहून जाईल इतका हा विकर ढिसाळ. बहुतेक चुका विषाणूलाच मारक ठरतात, काही निरुपद्रवी असतात, क्वचित एखादी फायद्याची निघते. पक्ष्यामागून पक्षी संसर्ग होत गेला की टिकलेल्या चुका साठत जातात. एच५ च्या हिमॅग्लुटिनिन जनुकात वर्षाला साधारण पाच ते दहा अक्षरे बदलतात. आपल्याला हा आकडा किरकोळ वाटेल, पण सजीवांच्या मानाने हा वेग प्रचंड आहे.

दुसरे कारण जास्त नाट्यमय आहे. विषाणूची जनुके एका सलग धाग्यावर नसून आठ सुट्या तुकड्यांत असतात. एकाच पक्ष्याच्या एकाच पेशीत दोन वेगळे इन्फ्लुएन्झा विषाणू एकाच वेळी शिरले, तर बाहेर पडणाऱ्या नव्या विषाणूंमध्ये या तुकड्यांची सरमिसळ होते. दोन आई-बाप विषाणूंपासून आठ तुकड्यांच्या २५६ जोडण्या शक्य आहेत. याला रीअसॉर्टमेंट किंवा पुनर्मिश्रण म्हणतात. उत्परिवर्तनाने विषाणू पायरी-पायरीने सरकतो, पुनर्मिश्रणाने एका रात्रीत उडी मारतो. गेल्या तीन दशकांतल्या मोठ्या साथींच्या मागे बहुतेक वेळा अशी एखादी उडी सापडते.

सौम्य विषाणू अचानक घातक कसा होतो?

पेशीत शिरण्याआधी हिमॅग्लुटिनिनचे दोन भाग व्हावे लागतात, आणि हे काम विषाणू स्वतः करत नाही. यजमान पक्ष्याची विकरे ते करून देतात. सौम्य प्रकारात या काप-जागेवर आर्जिनिनसारखे एकच क्षारीय अमिनो आम्ल असते आणि ते कापणारी ट्रिप्सिनसारखी विकरे फक्त श्वसनमार्गात व आतड्यात असतात. त्यामुळे संसर्ग तेवढ्यापुरताच राहतो. कोंबडी थोडी मलूल होते, अंडी कमी देते, बऱ्याचदा काहीच दिसत नाही. पण त्या जागी अशा क्षारीय अमिनो आम्लांची रांगच लागली, तर फ्युरिन नावाचे विकर ते कापू शकते, आणि फ्युरिन शरीराच्या जवळपास प्रत्येक पेशीत असते. मग विषाणू हृदय, मेंदू, स्वादुपिंड, रक्तवाहिन्यांचे अस्तर, सगळीकडे वाढतो. कोंबड्या एक-दोन दिवसांत पटापट मरू लागतात.

निसर्गात असे रूपांतर एच५ आणि एच७ या दोनच प्रकारांत होताना दिसले आहे, आणि जवळपास नेहमी पाळीव पक्ष्यांत शिरल्यानंतर. रानबदकांत हे विषाणू पिढ्यान्पिढ्या सौम्य राहतात. प्रत्येक वेळी वाट मात्र वेगळी असते. १९८३ मध्ये पेन्सिल्व्हेनियात एच५एन२ चा सौम्य विषाणू एप्रिलपासून कोंबड्यांत फिरत होता, ऑक्टोबरमध्ये तो घातक झाला. त्याची काप-जागा एका साखर-साखळीखाली झाकलेली होती, ती साखळी गळून पडायला एक बदल पुरला. साथ आटोक्यात आणताना सुमारे १.७ कोटी पक्षी नष्ट करावे लागले. २००२ मध्ये चिलीत एच७एन३ ने स्वतःच्याच दुसऱ्या एका जनुकातला ३० अक्षरांचा तुकडा या जागी घुसवून घेतला, तर २००४ मध्ये कॅनडात तशाच एच७एन३ ने आणखी वेगळ्या जनुकातली २१ अक्षरे उचलली. म्हणजे सौम्य एच५ किंवा एच७ सापडला तर ‘पक्षी तर मरत नाहीयेत’ म्हणून सोडून देण्यासारखी ती बाब नाही. तो कधी उलटेल याचा नेम नसतो.

आज जगभर पसरलेला एच५एन१ मुळात आला कुठून?

१९९६ मध्ये चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात एका पाळीव हंसात तो सापडला. शास्त्रीय नोंदीत त्याचे नाव ‘ए/गूज/ग्वांगडोंग/१/१९९६’ असे आहे : विषाणूचा प्रकार, पक्षी, ठिकाण, नमुना क्रमांक, वर्ष. आजच्या घातक एच५ विषाणूंचे हिमॅग्लुटिनिन याच पूर्वजाचे आहे. पुढच्याच वर्षी हाँगकाँगमध्ये १८ माणसांना लागण झाली, त्यांपैकी ६ दगावली. तिथल्या बाजारांतले आणि फार्मांतले दहा लाखांहून जास्त पक्षी नष्ट केले गेले आणि ती विशिष्ट जोडणी संपली. हिमॅग्लुटिनिन मात्र हंस-बदकांत तग धरून राहिले आणि नवनवे साथीदार जनुक घेत फिरले.

२००५ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर चीनमधल्या छिंगहाय सरोवरावर हजारो रानपक्षी मेले, त्यांत पट्टकादंब हंस सर्वांत जास्त. तोवर हा रोग पाळीव पक्ष्यांचा समजला जात होता. त्यानंतर वर्षभरात क्लेड २.२ चा विषाणू आशियातून युरोप आणि आफ्रिकेपर्यंत गेला. २०१४ मध्ये २.३.४.४ या शाखेने एनचे प्रकार बदलत (एच५एन८, एच५एन२, एच५एन६) पुन्हा लांब पल्ले गाठले. तिचीच उपशाखा २.३.४.४बी. २०२० च्या आसपास तिने रानपक्ष्यांच्या सौम्य विषाणूंकडून नवे तुकडे घेतले आणि पुन्हा एच५एन१ झाली. मग २०२१ च्या अखेरीस अटलांटिक ओलांडून कॅनडाच्या न्यूफाउंडलंडमध्ये, २०२२ च्या हिवाळ्याआधी दक्षिण अमेरिकेत, २०२४ च्या सुरुवातीला अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर. पेरूच्या किनाऱ्यावर समुद्रसिंह आणि अर्जेंटिनात हत्ती-सील हजारोंनी मेले. परसातल्या कोंबड्यांवर लिहिताना सीलचा विषय कशाला, असे वाटेल. पण आज परसात येऊ पाहणारा विषाणू हाच आहे, आणि त्याला रानपक्ष्यांत बारमाही घर मिळालेले आहे. एकदा पक्षी नष्ट केले की संपले, असे पूर्वी म्हणता येत असे, आता येत नाही.

तो परसात शिरतो तरी कसा?

सहसा विष्ठेतून आणि पाण्यातून. डबके, ओढा, शेततळे, जिथे रानबदके उतरतात आणि आपली बदकेही पोहतात, तो सर्वांत सरळ रस्ता. थंड गोड्या पाण्यात विषाणू कित्येक आठवडे तग धरतो. विष्ठेत ४ अंश सेल्सिअसला तो महिनाभराहून जास्त टिकल्याच्या नोंदी आहेत, ३७ अंशांना हा काळ आठवड्याच्या आत येतो. कडक ऊन आणि कोरडेपणा आपल्या बाजूचे, ओलावा आणि थंडी त्याच्या बाजूची.

पण रानपक्षी हा एकच रस्ता धरून बसलो तर फसगत होते. चप्पल-बूट, सायकलीची चाके, उसने आणलेले पिंजरे, अंड्यांचे ट्रे, बाजारात न विकली गेल्याने परत आणलेली कोंबडी, शेजारच्यांकडून आणलेला कोंबडा, मेलेला पक्षी ओढून आणणारा कुत्रा, यांतून विषाणू गल्ली ओलांडतो. हवेतून लांबवर पसरण्याची भीती लोकांना जास्त वाटते. परसाच्या बाबतीत ती मला गौण वाटते. पायांकडे आणि पाण्याकडे लक्ष द्यावे.

बदके आणि कोंबड्या एकत्र ठेवण्यात धोका काय?

या विषयात सर्वांत कमी बोलली जाणारी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही आहे. बदकांच्या पेशींत रिग-आय नावाचे एक प्रथिन असते. आरएनए विषाणू आत आल्याची खबर ते ताबडतोब देते आणि प्रतिकार सुरू होतो. कोंबड्यांत हे जनुकच नाही. त्यामुळे एकाच विषाणूने कोंबडी दोन दिवसांत मरते आणि बदक धडधाकट हिंडत राहते, विष्ठेतून आणि चोचीतून विषाणू टाकत. आजचे २.३.४.४बी चे काही प्रकार बदकांनाही मारतात, पण सगळ्या जातींच्या बदकांना सारखे नाही.

एकत्र कळपात याचे दोन परिणाम होतात. एक, रानपक्ष्यांकडून आलेला विषाणू बदकात उतरतो आणि रोज त्याच भांड्यात पाणी पिणाऱ्या कोंबडीत जाण्याची संधी त्याला पुन्हा पुन्हा मिळते. दोन, बदकात आधीच एखादा सौम्य विषाणू असेल तर पुनर्मिश्रणाला जागा तयार होते. लावा पक्षी सोबत असतील तर भर पडते, कारण लाव्यांच्या श्वसनमार्गात पक्ष्यांच्या आणि माणसांच्या, दोन्ही धाटणीच्या विषाणूंना चिकटायला लागणारे ग्राही असतात.

एखाद्याला परसात एकच बदल करणे शक्य असेल, तर मी बदके आणि कोंबड्या वेगळ्या करायला सांगेन. वेगळे खुराडे, वेगळे पाणी आणि मध्ये अंतर.

म्हणजे परसातल्या कळपांतच नवे घातक विषाणू जन्मतात का?

हा आरोप वारंवार होतो आणि मला तो ढोबळ वाटतो. उत्क्रांतीला लांब साखळी लागते. दहा कोंबड्यांच्या खुराड्यात घातक विषाणू शिरला की तीन-चार दिवसांत बहुतेक पक्षी मरतात आणि साखळी तिथेच तुटते. एका पक्ष्यातून दुसऱ्यात जाताना विषाणूचे मोजकेच कण पुढे रुजतात, त्यामुळे त्या छोट्या कळपात कोणता बदल पुढे जाईल हे पुष्कळसे योगायोगावर ठरते. निवडीला पुरेसा वावच मिळत नाही. याउलट एका छपराखाली हजारो एकसारखे, एकाच वयाचे पक्षी असतील तर विषाणूला न थांबता लांब साखळी मिळते. सौम्य एच५ आणि एच७ चे घातक रूपांतर झाल्याच्या ज्ञात घटनांचा भर दाटीने पाळलेल्या व्यावसायिक कळपांवरच आहे.

तरीही परस निर्दोष म्हणून सोडता येत नाही. एकटा कळप छोटा, पण शेकडो परसे एकाच बाजाराला, एकाच व्यापाऱ्याला, एकाच पाणवठ्याला जोडलेली असली की ती मिळून एक मोठा कळप होतात. इजिप्तमध्ये २००६ ला शिरलेला विषाणू घराघरांतल्या आणि गच्च्यांवरच्या पक्ष्यांत असाच मुरला आणि त्याची स्वतःची स्थानिक शाखा तयार झाली. कंबोडियात २०२३ पासून माणसांत जे रुग्ण आढळत आहेत, त्यांतल्या बहुतेकांचा संबंध घरच्या आजारी किंवा मेलेल्या पक्ष्यांशी होता. तिथला विषाणूही पुनर्मिश्रित निघाला : त्या भागात जुन्या काळापासून असलेल्या २.३.२.१सी शाखेचे पृष्ठभागी जनुक आणि नव्या २.३.४.४बी कडून आलेले काही आतले तुकडे. मुद्दा आहे जोडण्यांचा. पक्ष्यांची संख्या तीच ठेवून जोडण्या तोडल्या तरी विषाणूची वाट अडते.

मोठ्या फार्मना परसातल्या कोंबड्यांपासून लागण होते असे म्हणतात. खरे आहे का?

देशोदेशी चित्र वेगळे आहे. नेदरलँड्समध्ये २००३ च्या एच७एन७ साथीत सुमारे ३ कोटी पक्षी गेले. नंतरच्या विश्लेषणात छंदासाठी पाळलेल्या छोट्या कळपांचा प्रसारातला वाटा नगण्य निघाला. उत्तर अमेरिकेतल्या २०२१ नंतरच्या साथीच्या जनुकीय अभ्यासात दिसले की परसातल्या कळपांत आणि फार्मांत रानपक्ष्यांकडून विषाणू वेगवेगळ्या वेळी, स्वतंत्रपणे आला. त्याच अभ्यासात परसातल्या पक्ष्यांना लागण फार्मांपेक्षा सरासरी नऊ दिवस आधी झाल्याचे आढळले. म्हणजे परसातल्या मृत पक्ष्याची वेळेवर कळवलेली खबर ही त्या टापूतल्या सगळ्यांसाठी आगाऊ सूचना ठरू शकते. परसवाल्यांना आरोपी ठरवले की ते गप्प बसतात आणि हे नऊ दिवस वाया जातात.

जिथे जिवंत पक्ष्यांचा बाजार हाच मुख्य दुवा आहे, तिथे मात्र परस आणि फार्म यांची देवाणघेवाण दोन्ही दिशांनी चालते.

जिवंत पक्ष्यांच्या बाजारांचे इतके नाव का निघते?

वेगवेगळ्या गावांचे, जातींचे, वयांचे पक्षी तिथे एकाच पिंजऱ्याशेजारी येतात आणि रोज नवे पक्षी येत असल्याने विषाणूला कधी यजमान कमी पडत नाही. हाँगकाँगने १९९७ नंतर बाजाराला महिन्यातून ठरावीक दिवशी पूर्ण सुट्टी देऊन धुऊन काढण्याची पद्धत सुरू केली, बाजारात जिवंत लावे विकायला बंदी घातली, बदके-हंस कोंबड्यांपासून वेगळे केले आणि पुढे रात्री जिवंत पक्षी ठेवणेही बंद केले. या उपायांनी बाजारातले विषाणूचे प्रमाण मोजण्याइतके घटले. परसवाल्यांनी यातून एवढे घ्यावे : बाजारात नेलेला पक्षी विकला गेला नाही तर तो सरळ कळपात सोडू नये. किमान दोन आठवडे वेगळा ठेवावा.

एच९एन२ ने कोंबड्या मरत नाहीत. मग त्याची चर्चा कशाला?

कारण तो देणारा विषाणू आहे. आशिया, मध्यपूर्व आणि आफ्रिकेच्या काही भागांत तो कोंबड्यांत कायमचा मुरलेला आहे आणि आपले आतले, म्हणजे एच आणि एन सोडून उरलेले, सहा तुकडे इतरांना पुरवतो. हाँगकाँगच्या १९९७ च्या विषाणूतले आतले तुकडे एच९एन२ शी जुळणारे होते. २०१३ मध्ये चीनमध्ये माणसांत आलेल्या एच७एन९ चे आतले सहाही तुकडे एच९एन२ कडून आलेले होते, आणि त्या विषाणूने १,५०० हून अधिक माणसांना गाठले. अंडी थोडी घटली, चार दिवस शिंका आल्या, मग ठीक झाले, असे परसात होऊन जाते आणि कुणी नमुना देत नाही.

विषाणू कुठून आला हे जनुकांवरून कसे कळते?

पक्ष्याच्या घशातून आणि गुदद्वारातून स्वॅब घेतात. आरटी-पीसीआरने आधी इन्फ्लुएन्झा ए आहे का ते, मग एच५, एच७, एच९ पैकी कोणता ते पाहतात. त्यानंतर आठही तुकड्यांचे जिनोम सिक्वेन्सिंग होते. मिळालेला क्रम गिसएडसारख्या सामायिक संग्रहातल्या हजारो क्रमांशी ताडून वंशावळ मांडतात. दोन कळपांतल्या विषाणूंत एक-दोन अक्षरांचाच फरक असेल तर ते एकमेकांकडून किंवा अगदी जवळच्या एकाच स्रोताकडून आले असावेत. वीस-तीस अक्षरांचा फरक असेल तर दोघांकडे तो वेगवेगळ्या वाटांनी आला. बदलांचा वेग साधारण माहीत असल्याने समान पूर्वज किती महिन्यांपूर्वी होता याचाही अंदाज निघतो.

आणखी एक खूण फार बोलकी आहे. कोंबड्यांत बराच काळ फिरलेल्या विषाणूंत न्युरामिनिडेजचा देठ आखूड होतो, साधारण वीसेक अमिनो आम्ले गळून पडतात. रानबदकांतून थेट आलेल्या विषाणूत देठ पूर्ण लांबीचा असतो. म्हणून आखूड देठ सापडला तर ‘रानपक्ष्यांनी आणला’ हे उत्तर पुरत नाही, कोंबड्यांच्या व्यापारात तो आधीपासून फिरत असण्याची शक्यता तपासावी लागते.

मर्यादाही सांगायला हवी. वंशावळ फक्त गोळा झालेल्या नमुन्यांतूनच बनते. परसातल्या मरतुकीचे नमुने आलेच नाहीत तर मधल्या कड्या गायब असतात आणि वंशावळीचे झाड फार्म व मेलेले हंस यांच्याभोवतीच वाढलेले दिसते.

माणसांना लागण होण्यासाठी विषाणूत काय बदलावे लागते?

पक्ष्यांचे विषाणू पेशीवरच्या सियालिक आम्ल नावाच्या साखरेच्या ‘अल्फा २,३’ जोडणीला चिकटतात. माणसाच्या नाका-घशात प्रामुख्याने ‘अल्फा २,६’ जोडणी असते. पहिला अडथळा हा. दुसरा पेशीच्या आतला : विषाणूच्या नक्कल-यंत्राला एएनपी३२ए नावाच्या यजमान प्रथिनाची मदत लागते आणि पक्ष्यांतले हे प्रथिन माणसातल्यापेक्षा लांब असते. या नक्कल-यंत्राच्या पीबी२ प्रथिनात ६२७ व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन आले की विषाणूला सस्तन पेशीत काम करणे सोपे जाते. माणसामाणसांत सहज पसरायला असे अनेक बदल एकत्र जमावे लागतात, आणि एच५एन१ मध्ये ते अजून जमलेले नाहीत.

एकट्यादुकट्या माणसाला मात्र भरपूर विषाणू अंगावर आला तर लागण होते. २००३ पासून जगात ९०० हून जास्त रुग्णांची नोंद झाली आणि त्यांतले जवळपास निम्मे दगावले. सौम्य रुग्ण नोंदीतून सुटतात, त्यामुळे खरे प्रमाण कमी असू शकते. पण आजारी कोंबडी घरी कापणे, पिसे काढणे, मेलेल्या पक्ष्यांशी मुलांनी खेळणे ही लागण होण्याची ठळक कारणे आहेत, आणि ही कामे घरात बहुधा बायका-मुलांच्या वाट्याला येतात. इजिप्तच्या नोंदीतही त्यांचेच प्रमाण मोठे होते.

अमेरिकेत लुइझियाना राज्यातल्या एका रुग्णाचा जानेवारी २०२५ मध्ये मृत्यू झाला. त्याचा संपर्क परसातल्या आणि रानातल्या पक्ष्यांशी आला होता. रुग्णाच्या नमुन्यात हिमॅग्लुटिनिनमधले काही चिंताजनक बदल दिसले, पण त्याच घरच्या पक्ष्यांच्या नमुन्यांत ते नव्हते. म्हणजे ते आजारपणात त्याच्याच शरीरात घडले. प्रत्येक लागण ही विषाणूला दिलेली एक संधी असते, ती याअर्थी.

मांजर, गाय, डुक्कर यांनाही होतो का?

मांजरांना होतो आणि बहुधा जिवावर बेततो. कच्चे मांस, मेलेले पक्षी आणि कच्चे दूध ही कारणे. गायींत २०२४ च्या मार्चमध्ये अमेरिकेत पहिल्यांदा आढळला, तिथे तो मुख्यतः दुधातून आणि दोहनाच्या साधनांतून पसरला. डुकरे पक्ष्यांपासून लांब ठेवावीत, त्यांच्यात पुनर्मिश्रण घडल्याचा इतिहास आहे.

परसातल्या कोंबड्यांना लस दिली तर प्रश्न मिटेल?

लस उपयोगी आहे. चीनने सप्टेंबर २०१७ पासून एच५ आणि एच७ ची एकत्रित लस देशभर दिली आणि माणसांतले एच७एन९ चे रुग्ण जवळपास थांबले. फ्रान्सने ऑक्टोबर २०२३ पासून व्यावसायिक बदकांना लस द्यायला सुरुवात केली.

अडचण अर्धवट लसीकरणात आहे. लस विषाणूशी जुळत नसेल, किंवा कळपातल्या निम्म्यांनाच मिळाली असेल, तर पक्षी मरत नाहीत पण विषाणू सोडत राहतात. वरून सगळे ठीक दिसते आणि खाली लसीला चुकवणारे बदल निवडले जातात. मेक्सिकोत १९९५ पासून एच५एन२ विरुद्ध लस सुरू झाली, आणि काही वर्षांत तिथले विषाणू लसीच्या मूळ विषाणूपासून दूर सरकलेले आढळले. परसात हे जास्त अवघड होते : कळपात नेहमी वेगवेगळ्या वयाची पिल्ले, लसीची बाटली शेकडो मात्रांची, दुसरी मात्रा द्यायची तर पक्षी सापडायला हवा, आणि शीतसाखळी टिकवायची. नमुने घेत राहण्याची सोय नसेल तर नुसती लस देऊन मोकळे होण्याला माझा विरोध आहे. अनेक देशांत ही लस खासगीरीत्या देण्यास परवानगीही नसते, तेव्हा आधी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारावे.

बर्ड फ्लू आहे की मानमोडी (राणीखेत), हे घरी ओळखता येते का?

नाही. तुरा काळा-निळा पडणे, डोके व डोळ्यांभोवती सूज, पायांच्या खवल्यांवर रक्ताळलेले डाग, हिरवट जुलाब, मान वाकडी होणे, मऊ कवचाची अंडी, पाणी पिणे अचानक कमी होणे, आणि कधी काहीच लक्षण न दिसता सकाळी खुराड्यात मेलेले पक्षी. यातले पुष्कळसे मानमोडीतही दिसते. निदान प्रयोगशाळेतच होते. दोन-तीन पक्षी एका दिवसात गेले की लक्षणांची जुळवाजुळव करत बसण्यापेक्षा कळवावे.

मग त्या क्षणी नेमके काय करायचे?

उरलेले पक्षी जिथे आहेत तिथेच बंद करावेत. एकही पक्षी, अंडे, खत किंवा पिंजरा घराबाहेर जाऊ देऊ नये. मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नये, ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नये आणि कापून पाहू नये. मुलांना लांब ठेवावे. पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन करावा आणि नमुना घ्यायला त्यांना येऊ द्यावे. हात साबणाने धुवावेत. विषाणूला चरबीचे वेष्टन असते, त्यामुळे साबणाने तो सहज मरतो. पुढच्या दहा दिवसांत घरात कुणाला ताप, खोकला किंवा डोळे लाल होण्याचा त्रास झाला तर डॉक्टरांना पक्ष्यांबद्दल आवर्जून सांगावे.

आजार दिसताच उरलेले पक्षी घाईने विकून टाकण्याचा मोह समजण्यासारखा आहे, विशेषतः ज्या घरात तीच शिल्लक असते. पण विषाणूला एका परसातून दहा परसांत नेणारी हीच सर्वांत मोठी वाट आहे. ती बंद करायची तर नुकसानभरपाई वेळेवर, छोट्या पाळणाऱ्यापर्यंत आणि जिवंत पक्ष्यांसाठी बाजारभावाच्या जवळपास मिळायला हवी. ती नुसती मृत पक्षी मोजून किंवा वर्षभराने मिळत असेल तर लोक कळवणार नाहीत, आणि त्याबद्दल त्यांना दोष देणे मला पटत नाही.

अंडी आणि मांस खावे का?

निरोगी कळपातले, आतपर्यंत ७० अंशांवर शिजवलेले मांस आणि बलक घट्ट होईपर्यंत शिजलेली अंडी सुरक्षित आहेत. आजारी किंवा आपोआप मेलेला पक्षी कितीही शिजवला तरी खाऊ नये. धोका ताटातल्यापेक्षा तो कापताना आणि सोलताना जास्त असतो.

रानपक्ष्यांना हुसकावले, त्यांची झाडे तोडली तर?

काही साधत नाही. हुसकावलेले आजारी पक्षी आणखी दूर पांगतात. दाणे उघड्यावर न टाकणे, पाण्याचे भांडे छपराखाली ठेवणे आणि साथीच्या दिवसांत कळपावर जाळी घालणे एवढे पुरेसे आहे. मोकळ्या कोंबड्यांना वर्षभर कोंडण्याची गरज नाही. स्थलांतराचे आणि थंडीचे महिने तेवढे जपावेत.

पक्षी नष्ट केल्यावर पुन्हा कधी पाळता येतील?

अधिकाऱ्यांनी क्षेत्र मोकळे झाल्याचे कळवल्यावरच. त्याआधी खुराडे खरवडून विष्ठा आणि जुना भुसा काढावा, साबणाच्या पाण्याने घासावे, मगच जंतुनाशक फवारावे. घाण तशीच ठेवून वरून फवारलेले जंतुनाशक वाया जाते. भेगा पडलेले लाकूड नीट धुता येत नाही, ते बदलणे बरे. त्यानंतर खुराडे उन्हात काही आठवडे रिकामे राहू द्यावे. पहिल्यांदा थोडेच पक्षी, माहितीतल्या एकाच ठिकाणाहून आणावेत आणि तीन आठवडे त्यांच्यात दुसरे मिसळू नयेत. ते ठणठणीत राहिले तर पुढचे आणावेत, आणि बदके ठेवायची असतील तर त्यांची सोय या वेळी पहिल्यापासून वेगळी करावी.